तुमच्या बंधूंनी घेतलेला चार्ज

तीर्थरूप वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की डावा ताळ्यावर आलाय, पण उजवा अजून रुसलेला आहे. एव्हाना त्याचीही समजूत पटली असेल. भावोजींचा खोकला, सूनबाईंची नोकरी, नातीचे पुढचे दोन दात, सगळं ठीक आहे असं धरून चालते. आमच्याकडेही सगळं क्षेम आहे. (एकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, पण तो माझा नव्हे, म्हणून क्षेम लिहिलं.)

तुम्ही विचारलंत की इतके दिवस झाले, भावाचा फोन का नाही. वन्सं, तुमचा राग मला समजतो. पण रागावण्याआधी थोडं हायसं वाटून घ्या. तुमच्या बंधूंचा फोन ज्यांना ज्यांना म्हणून गेला, ती माणसं आता अनोळखी नंबर तर सोडाच, ओळखीचाही उचलत नाहीत. माझ्या सख्ख्या भावाने त्यांचं नाव फोनमध्ये ‘आत्ता नको’ असं लिहून ठेवलंय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही सुटलात त्याचं कारण एकच, तुम्हाला कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत आहे. ती तशीच राहू द्या.

झालं असं. तुम्हाला ठाऊकच आहे की कारखान्याच्या फाटकावरच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, रिकामा होऊन आला की पुन्हा लिहायचं आणि वजाबाकी करायची. जन्मभर लोकांची ओझी मोजली. (उचललं एकही नाही. घरी पिठाची गोणी आली की ती दारातून आत ओढणारी मी, आणि बाजूला उभं राहून तिचं वजन बिनचूक सांगणारे हे.) निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची वजनं अंदाजाने सांगत. तेही मी सोसलं, कारण आमच्या रस्त्यावर ट्रक फार नाहीत. पण मग पहिल्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड घर सोडून गेलं आणि जाताना कचऱ्याच्या डब्याशेजारी एक इंग्रजी शब्दकोश ठेवून गेलं. साधासुधा नव्हे, प्रत्येक शब्दाचं कूळ सांगणारा. हा शब्द कुणाच्या पोटचा, कुठल्या देशातून आला, वाटेत कुणाकुणाकडे मुक्कामाला होता, असल्या नाही त्या चौकशा करणारा. नवजात बाळाला आणावं तसा तुमच्या बंधूंनी तो दोन्ही हातांवर झेलत घरात आणला आणि आणताना वजन सांगितलं.

कोश दोन खंडांचा, पण सापडला तो पहिला, ए पासून एल पर्यंत. दुसरा त्या मंडळींनी सोबत नेला की कुणा शहाण्याने वेळीच बंबात घातला, देव जाणे. त्यामुळे तुमच्या बंधूंचं ज्ञान एल पर्यंत घोड्यासारखं दौडत येतं आणि पुढे एकदम गप्प होतं. ‘चेअर’ कुठून आली हे ते अर्धा तास सांगतील, ‘टेबल’ म्हटलंत की खिन्न होतात. माझ्याकडे शिवायला कपडे घेऊन येणाऱ्या बायकांना त्यांनी ‘कॉलर’, ‘बेल्ट’ आणि ‘जॅकेट’ यांवर इतकं ऐकवलं की दोघी-तिघींनी मापं फोनवर सांगायला सुरुवात केली. (फोनवर सांगितलेल्या मापाचा कोट कसा बसतो ते तुम्हाला सांगायला नको. एकीचा मी उसवून तीनदा शिवला.)

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज कागद काळे करत बसले नसते. पण आमच्या इमारतीचे सचिव, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सगळे त्यांना दातवाले म्हणतात), लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने परगावी जायला निघाले. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक दार वाजवून पाहिलं. सचिवपद म्हणजे काय सुख असतं हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या घरी परीक्षा होत्या, समोरच्या काकूंनी तर दातवाल्यांना दारातच स्वतःची दाढ दाखवायला सुरुवात केली. शेवटी ते आमच्याकडे आले आणि तुमच्या बंधूंना म्हणाले, “मी येईपर्यंत चार्ज तुम्ही घ्या.”

झालं. त्यांनी ‘कारभार बघा’ म्हटलं असतं तर हे पाठदुखी शोधायला आत गेले असते. ‘जबाबदारी’ म्हटलं असतं तरी वाचलो असतो. पण दातवाले ‘चार्ज’ म्हणाले, आणि चार्ज सी मध्ये येतो, पहिल्या खंडात. तुमच्या बंधूंच्या चेहऱ्यावर मी असा उजेड आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

चार्ज द्यायला खालच्या सभागृहात बैठक भरली. (सभागृह म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या पंपाची खटखट आणि एकच खिडकी, तीही पार्किंगमध्ये उघडणारी.) दातवाल्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, लोक उठायला लागले, एवढ्यात तुमचे बंधू म्हणाले, “चार्ज घेण्याआधी दोन शब्द.” वन्सं, एकच शब्द होता, पण तो संपेना. म्हणाले, हा शब्द मुळात गाडीतून आला. रोमन लोकांनी शेजाऱ्यांची दोन चाकी गाडी उचलली आणि गाडीबरोबर तिचं नावही उचललं. त्या नावापासून गाडीत माल भरणं, म्हणजे ओझं लादणं, असा शब्द झाला. फ्रेंचांनी तो चावून चावून मऊ केला आणि इंग्रजांच्या हातात दिला. इंग्रजांनी मग दिसेल त्यावर लादालादी सुरू केली. बंदुकीत दारू भरली, तो चार्ज. बॅटरीत वीज भरली, तो चार्ज. मालावर किंमत लादली, तो चार्ज. माणसावर आरोप लादला, तोही चार्ज. शत्रूवर सगळा भार टाकून धावून गेले, तो चार्ज. आणि एखाद्या गरीब माणसाच्या मानेवर इमारत दिली की तो इन्चार्ज.

इथे दातवाले हसले आणि हळूच सटकले. त्यांची गाडी होती. बाकीच्यांना सटकायला जमलं नाही, कारण दाराशी माझी खुर्ची होती आणि मी ती हलवली नाही. (मी घरी रोज ऐकते. एक दिवस इमारतीने ऐकावं, एवढी माझी माफक इच्छा.)

रात्री जेवताना मी म्हटलं, इंग्रजांकडे शब्दांचा इतका दुष्काळ होता का? आपल्याकडे बघा, ताबा वेगळा, आरोप वेगळा, आकार वेगळा, हल्ला वेगळा. प्रत्येकाला आपापली खोली आहे. त्यांच्याकडे एका खोलीत दहा बिऱ्हाडं कोंबलीत. यावर तुमचे बंधू घास हातात धरून म्हणाले, “आणि कार्यभार? पदभार? प्रभारी? विद्युतभार? आपणही ओझंच लादलंय.” ते मला पटलं, म्हणून मी भांडी आवरायला घेतली. हे मी तुम्हालाच सांगतेय. त्यांना पत्ता लागू देऊ नका.

आता आमच्या लिफ्टची गोष्ट. लिफ्ट जुनी आहे, पण तिला एक बॅटरी जोडलेली आहे. वीज गेली की त्या बॅटरीच्या जोरावर ती जवळच्या मजल्यापर्यंत सरकते आणि दार उघडते, म्हणजे माणूस मध्ये लटकत नाही. चार्ज घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्टवाल्याचा फोन आला. मी मशीनवर होते आणि मला फक्त आमच्या बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. आधी “हं, हं” झालं. मग तुमच्या बंधूंचा आवाज चढला तो उत्साहाने. “चार्जर? अहो, गंमत माहीत आहे का? चार्जर म्हणजे लढाईचा घोडा. शत्रूवर चार्ज करून जातो तो चार्जर. आणि जुन्या काळी मोठ्या परातीलाही चार्जरच म्हणत, मांसाचं ओझं वाहणारी म्हणून. म्हणजे घोडा चार्जर, परात चार्जर आणि तुमची ती वायरही चार्जर!” असं बराच वेळ चाललं. मला वाटलं, तुमच्या मामांकडचं कुणी असेल. फोन संपल्यावर विचारलं, कोण होतं.

“लिफ्टवाला. फार रस होता त्याला.”

“काय म्हणत होता?”

तुमच्या बंधूंनी जरा आठवून पाहिलं. “मध्येच फोन तुटला बघ त्याचा,” म्हणाले आणि कोशात डोकं घातलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल, तुम्ही हुशार आहात. (हुशारीचा वाटा तुमच्या घरात थोरल्या मुलीलाच सगळा कसा गेला, हा प्रश्न मला लग्नापासून पडलेला आहे.) पाच-सहा दिवसांनी भरदुपारी वीज गेली. माझं मशीन बाहीच्या मध्यावर थांबलं. पंप थांबला, पंखे थांबले, सगळी इमारत शांत झाली. आणि त्या शांततेत भिंतीच्या आतून आवाज यायला लागला. ओळखीचा. न थांबणारा. मी चप्पल न घालताच जिना उतरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली आणि समोरच्या काकू दाराला कान लावून उभ्या.

“ठीक आहेत ना हो?” मी विचारलं.

“तुमचे ठीक आहेत,” काकू म्हणाल्या. “आतल्या वकीलबाईंचं सांगता येत नाही.”

वकीलबाई चौथ्या मजल्यावर राहतात. वरच्या कोर्टात त्यांची तारीख होती, हातात फायलींचा गठ्ठा, अंगात काळा कोट (मीच शिवलेला, काखेत थोडा घट्ट झालाय, पण त्यांनी माप फोनवर सांगितलं होतं). या बाईंसमोर भले भले गप्प होतात असं म्हणतात. म्हणत असतील. लिफ्टमध्ये त्या काही बोलल्याचं मला ऐकू आलं नाही. म्हणजे सुरुवातीला त्या ‘हवा’ म्हणाल्या, मग ‘पाणी’ म्हणाल्या, आणि नंतर अगदी बारीक आवाजात ‘कुणीतरी यांना थांबवा’ म्हणाल्या. तुमचे बंधू त्यांना धीर देत होते. त्यांच्या मते, माणूस घाबरला की त्याचं लक्ष दुसरीकडे वळवावं. म्हणून त्यांनी गाडीपासून सुरुवात केली होती. आम्ही पोचलो तेव्हा मंडळी फ्रान्सपर्यंत आली होती.

लिफ्टवाला आला, गच्चीवर जाऊन हाताने चाक फिरवून लिफ्ट थोडी खाली आणली, पण ती दुसऱ्या मजल्याच्या फरशीपासून कमरेइतकी वरच अडली. दार उघडलं. खाली आम्ही एक खुर्ची लावली. वकीलबाई फायली छातीशी धरून त्या खुर्चीवर अशा उतरल्या, जशी जहाज बुडताना माणसं होडीत उतरतात. खाली येताच त्यांना घेरी आली, म्हणून काकूंनी तीच खुर्ची ओढून त्यांना बसवलं. वर तुमचे बंधू दारात उभे. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. “तर कार, कार्गो, करिअर ही सगळी त्याच गाडीची पिलावळ,” म्हणाले, “आणि कॅरिकेचर, म्हणजे चेहऱ्यावर नाकाचं ओझं जरा जास्त लादलं की...” आणि जिथे खुर्ची होती तिथे त्यांनी पाय ठेवला.

खुर्ची नव्हती हे तुम्हाला आठवत असेलच. त्यांना आठवलं नाही.

घोट्याजवळचं हाड मोडलं. रुग्णालयात दोन दिवस ठेवणार होते. पण पहिल्याच सकाळी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी ‘उद्या डिस्चार्ज’ म्हटलं आणि तुमच्या बंधूंनी उशीवरून मान उचलून सांगायला घेतलं की डिस्चार्ज म्हणजे खरं तर जहाजातून माल उतरवणं, म्हणजे या खाटेवरचा माल मीच. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “तुमची तब्येत फारच सुधारलेली दिसते. आजच घेऊन जा.” तेव्हा वन्सं, तुमचे बंधू जगातले पहिले रुग्ण असतील ज्यांनी स्वतःला बोलून घरी पाठवलं.

पण इथून पुढे हसण्यासारखं फारसं नाही. लिफ्टवाल्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “मी साहेबांना फोन केला होता. चार्जर गेलाय, बदलायची परवानगी द्या म्हटलं. साहेबांनी घोड्याचं सांगितलं.” हे वकीलबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या ऐकलं, आणि त्यांची घेरी तिथेच उतरली. दोन दिवसांत जिन्याखालच्या फलकावर कागद लागला. कामचलाऊ सचिवांवर आरोप: लिफ्टच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष केलं, रहिवाशांचा जीव धोक्यात घातला, आणि बंद जागेत सापडलेल्या व्यक्तीला तिच्या संमतीवाचून व्याख्यान दिलं. रविवारी बैठक. पदावरून दूर का करू नये, याचा खुलासा करावा.

मला वाटलं, हे खूश होतील. चार्जशीटच ती, आयतं सी मधलं गिऱ्हाईक चालून आलेलं. कुबडी टेकत ते फलकापर्यंत गेले, कागद वाचला आणि परत आले. घरात आल्यावर मला म्हणाले, “तो कोश जरा कपाटावर ठेव.” ठेवला. नंतर खिडकीत बसून राहिले. खालून ट्रक गेला, तरी वजन सांगितलं नाही.

घर शांत झालं. मला हवं होतं तेच. (त्या आठवड्यात एका कोटाला मी दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, “दातवाल्यांनी किती विश्वासाने दिलं होतं.” मी म्हटलं, विश्वासाने नाही, दुसरं कुणी दार उघडेना म्हणून दिलं. खरं तेच म्हटलं मी. पण त्यांनी ताट तसंच सरकवलं. उभ्या नोकरीत या माणसाला कुणी ‘हे तुम्ही घ्या’ म्हटलं नव्हतं, एवढं मला त्या ताटाकडे बघताना समजलं. समजलं म्हणून काय, राग थोडाच जातो. वकीलबाईंची तारीख बुडाली होती आणि त्यांच्या जागी मी असते तर आरोपाचे कागद दोन लावले असते.

रविवारी सभागृह भरलं. एरवी बैठकीला चार टाळकी येत नाहीत. माणूस पडताना बघायचा म्हटल्यावर पाठदुखीवाले, परीक्षावाले सगळे वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरून बसले. वकीलबाईंनी आरोप वाचले. मुद्देसूद वाचले, मानावं लागेल. मग तुमचे बंधू कुबडीवर भार देऊन उठले. लोक हळूच दाराकडे बघायला लागले. मी या वेळी दाराशी बसले नव्हते.

ते म्हणाले, “लिफ्टवाल्याने विचारलं होतं. मी ‘हो, बदला’ एवढंच म्हणायला हवं होतं. बाकी सगळं बोललो, तेवढं राहिलं. चूक माझी आहे. बाईंना त्रास झाला, त्यांची मी माफी मागतो.”

आणि बसले. बस, एवढंच. (‘सॉरी’ दुसऱ्या खंडात आहे, म्हणून मराठीत मागितली असेल, असं मी मनात म्हणून पाहिलं, पण त्यात काही मजा आली नाही.) वकीलबाईंनी पुढचा कागद हातात तसाच धरला. भांडायला तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने कबूलच केलं की काय करावं ते सुचत नाही, तसं त्यांचं झालं. शेवटी घसा साफ करून म्हणाल्या, “ठीक आहे. पण पद सोडावं लागेल. मग चार्ज कोण घेतंय?”

वन्सं, त्यानंतर जी शांतता झाली ती तुम्ही ऐकायला हवी होती. पंपाची खटखट मोजता यावी इतकी. मघाशी पुढे सरसावलेल्या खुर्च्या आपोआप मागे गेल्यासारख्या दिसायला लागल्या. पाठदुखीवाल्यांनी पाठीवर हात ठेवला. काकूंची दाढ पुन्हा ठणकायला लागली. एकजण फोन कानाला लावून बाहेर पडला, फोन वाजलाच नव्हता. वकीलबाईही फायलीत काहीतरी शोधायला लागल्या. आणि हे माझं माणूस मान खाली घालून, किल्ल्यांचा तो जुडगा मांडीवर घेऊन, प्लास्टर लावलेला पाय पुढे काढून बसलेलं.

माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. मी उभी राहिले आणि म्हटलं, “आरोप करायला सगळे घोड्यावर बसून आलात. ओझं घ्यायची वेळ आली की कुणालाच हात नाहीत? यांनी चूक केली, पण घेतलं तरी होतं. तुम्हाला नको असेल तर ठेवा हा जुडगा जिन्यात. ज्याला पंप चालू करायचा असेल तो उचलेल.” आणखीही बोलले. काय बोलले ते मी लिहीत नाही. हे पत्र भावोजीही वाचतात.

बोलून खाली बसते तोच वकीलबाई म्हणाल्या, “यांचं नाव मी सुचवते.” अनुमोदन इतक्या जोरात आलं की खिडकीची काच हलली. टाळ्या वाजल्या. पाठदुखीवाले तर उभे राहून वाजवत होते. मी ‘अहो, पण’ म्हणेपर्यंत जुडगा माझ्या हातात आणि काकू आभार मानायला उभ्या. तेव्हा शेजारून तुमचे बंधू, शब्दांबद्दलचं त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य, माझ्या कानाशी पुटपुटले, “बघ, आभारातही भारच आहे.” म्हणजे, नकोसं झालेलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून निघताना मानतात ते आभार. हे त्यांनी सांगितलं नाही, मीच काढलं. त्यांच्या संगतीने मलाही खोड लागली की काय, या विचाराने मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिफ्टवाल्याला फोन केला. “चार्जर बदला,” म्हटलं. तो म्हणाला, “बरं.” संपलं. असं करायचं असतं ते काम. इमारतीत आता मला बघून लोक जिन्याने जातात, कारण दिसेल त्याला मी काही ना काही लावते. पाठदुखीवाल्यांना गच्चीची टाकी धुण्याच्या देखरेखीला लावलंय. परीक्षा संपल्या का, हे मी परीक्षावाल्यांना रोज विचारते.

तेव्हा हे असं आहे. भावाचा फोन का आला नाही, याचं उत्तर एवढं लांबलं त्याबद्दल माफ करा, पण आमच्या घरात कुठल्याच गोष्टीचं उत्तर हल्ली आखूड येत नाही. बाकी विशेष काही नाही. सगळ्यांना नमस्कार, नातीला पापा.

तुमची (जिला तुम्ही स्वतः पाहून पसंत केलंत आणि ‘आमचा भाऊ फार अबोल आहे’ असं तोंडावर सांगितलंत, ती) भावजय

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते लिहायचं राहूनच गेलं. दातवाले यायला अजून बराच अवकाश आहे. तोपर्यंत मला इमारत, मशीन आणि तुमचे बंधू अशी तिन्ही ओझी झेपणार नाहीत. पहिली दोन मी ठेवते. तिसरं तुम्ही येऊन घेऊन जा. प्लास्टर काढायला तुमच्याकडेही डॉक्टर असतीलच. हवापालट झाला की माणसाला बरं वाटतं. कृपा करून नाही म्हणू नका.

ता. क. २. काल रात्री पाकीट चिकटवायला डिंक सापडला नाही, म्हणून हे जोडता येतंय. वरचा ता. क. नसल्यासारखा वाचा. काल संध्याकाळी मी कोटाला बटणं लावत होते आणि हे खिडकीत तसेच गप्प. कंटाळा आला म्हणून, केवळ कंटाळा आला म्हणून, मी विचारलं, “बटण कुठून आलं हो?” त्यांनी मान वळवली. “कळी,” म्हणाले. “फुलाची कळी. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द होता.” आणि पुढे काही बोलले नाहीत. वन्सं, इतकी वर्षं मी लोकांच्या छातीवर कळ्या टाचत बसलेय, आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग स्टुलावर चढून मीच तो ठोकळा कपाटावरून खाली काढून दिला. आता पुन्हा सुरू झालंय. सकाळपासून ‘बकल’ चालू आहे.

तेव्हा त्यांना न्यायला येऊ नका. राहायला या. लिफ्ट चालू आहे, जिन्याची सबब ऐकून घेणार नाही. कमी ऐकू येतं ते नाटक तेवढं घरी ठेवून या, कारण मला बोलायला नाही, ऐकायला माणूस हवंय. दोघींनी मिळून ऐकलं की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मंच येतं.